मागचा जोड

तिसऱ्या दिवशी सकाळी नट हलला. हिंदुरावांनी पाना लगेच सोडून दिला, हात विजारीला पुसले आणि गाडीच्या मागच्या चाकाच्या रिकाम्या जागेत डोकं घालून ते नुसतेच बघत बसले. दोन दिवस त्या एका नटाने त्यांना खेळवलं होतं. गंजावरचं तेल पाजून झालं, गरम हवेने शेकून झालं, गोंजारून झालं, शिव्या देऊन झाल्या. खाली ॲल्युमिनियमचं अंग आणि वर लोखंडी नट, अशी जोडी वर्षानुवर्षं एकमेकांना धरून बसली की जबरदस्तीने सुटत नाही. सुटलीच तर आटे घेऊन सुटते. म्हणून पाव आटा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा पाव आटा. चौसष्टाव्या वर्षी अशा कामाला गुडघे तयार नसतात. हात मात्र अजून ऐकत होते.

खिशातला फोन वाजला. श्रीपादसाहेबांचा, सकाळपासूनचा तिसरा.

"काय म्हणतोय आपला पेशंट?"

"नट सुटला, साहेब."

"वा! म्हणजे आज गाडी मिळणार."

"संध्याकाळपर्यंत बघतो."

"बघतो नको, हिंदुराव. रविवारी सगळे जुन्या गाड्यांवाले लोणावळ्याला जमतायत. दरवर्षी मी दुसऱ्याच्या गाडीत बसून जातो आणि माझ्या गाडीचे फोटो दाखवतो. यंदा गाडी नेणार."

श्रीपादसाहेब कंपनीत क्वालिटीचे प्रमुख होते आणि हिंदुराव टूलरूममध्ये फिटर. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर हिंदुरावांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि थेरगावात, घराला लागूनच, गाड्या दुरुस्त करायची शेड टाकली. साहेबांनी तेव्हाच कंपनीतल्या एका जर्मन इंजिनिअरची जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोन दारं, मागे इंजिन, बसकी आणि बटबटीत डोळ्यांची. डांगे चौकातली पोरं तिला बेडकी म्हणत. साहेबांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

या बेडकीला आठ वर्षांपासून ताप होता. अर्धा तास चालवली की तेलाच्या तापमानाचा काटा वर चढायचा आणि साहेब तिला झाडाखाली उभी करून स्वतःच वारा घालत बसायचे. शेवटी त्यांनी इंटरनेटवर वाचून वाचून निदान केलं, की तेलाचा थर्मोस्टॅट गेलाय. या गाडीत इंजिनाचं तेलच इंजिनाला थंड ठेवतं. तेल गार असलं की थर्मोस्टॅट दार लावून ठेवतो; तेल तापलं की दार उघडतो, आणि तेल पाइपातून पार पुढच्या कूलरपर्यंत जाऊन, गार होऊन परत येतं. दार उघडत नसेल, म्हणून तेल पुढे जात नसेल, असं साहेबांचं म्हणणं. हिंदुरावांनाही ते पटलं होतं. नवा थर्मोस्टॅट जर्मनीहून आला होता आणि टेबलावर खोक्यात बसून होता.

हिंदुरावांनी नट हाताने पूर्ण सोडवला, पाइप बाजूला ओढला. उरलेलं तेल खालच्या ट्रेमध्ये सांडलं आणि त्याबरोबर काहीतरी टण्णकन पडलं.

त्यांनी तेलात बोटं घालून ते उचललं. पितळेची चकती होती, जुन्या रुपयाएवढी. फडक्याने पुसली. कड चारी बाजूंनी कानशीने मारून किंचित तिरकी केलेली होती, बोटाला लागू नये म्हणून. कुणी एवढ्याशा चकतीला अशी कड मारत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये अशी कड मारणारा एकच वेडा होता, आणि तो आत्ता ती चकती हातात घेऊन बसला होता.

आठ वर्षांपूर्वीचा डिसेंबर. पुढचा कूलर गळायला लागला होता आणि नवा यायला तीन महिने लागणार होते. साहेबांना धीर नव्हता. मग हिंदुरावांनी लेथवर चकती काढली आणि मागच्या जोडात घालून पुढे जाणारा रस्ताच बंद करून टाकला. तेल थर्मोस्टॅटमधल्या आडवाटेने परत फिरेल, गार होणार नाही, पण थंडीचे दिवस आहेत, हळू चालवा, म्हणाले. कूलर आला की चकती काढायची. मार्चमध्ये कूलर आला. तो पुढे बसवला भैरूने. मागची चकती काढायची होती हिंदुरावांनी.

एप्रिलमध्ये तळेगावच्या रस्त्यावर इंजिन तापून बसलं. गाडी टेम्पोवर घालून शेडमध्ये आणली तेव्हा साहेब लालबुंद झाले होते. "हा कुणाचा हात?" त्यांनी चार गिऱ्हाइकांच्या देखत विचारलं होतं. हिंदुराव म्हणाले होते, "कूलर भैरूनं बसवलाय." शब्दाला शब्द खरं होतं. पुढे जाऊन ते असंही म्हणाले होते, "राहिलं असंल काहीतरी त्याच्या हातून." भैरू अकरा वर्षं त्यांच्याकडे होता. त्याने हातातला पाना टेबलावर ठेवला, साबणाने हात धुतले आणि चप्पल घालून गेला. त्यानंतर त्याने इंजिनाला हात लावला नाही, असं लोकांकडून कळलं होतं. चाकणला कुठल्यातरी कंपनीत कंत्राटावर लागला होता, पत्रे उचलायला.

इंजिन पुढे पुण्यातल्या एका वर्कशॉपने उघडून बांधून दिलं. चाकामागचा हा जोड इंजिनापासून हातभर लांब. तो उघडायचं कुणाला सुचलं नाही. गाडी तरीही तापायची. एकदा बसलेलं इंजिन आहे, आता हे असंच राहणार, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांत जास्त वेळा हिंदुरावच म्हणायचे.

कंपनीत असताना एखादी लाइन तात्पुरती बंद केली, तर तिथे लाल टॅग बांधायचा आणि त्यावर स्वतःचा टोकन नंबर लिहायचा, असा नियम होता. टॅग न बांधणाऱ्यांना हिंदुराव फैलावर घ्यायचे. स्वतःच्या शेडमध्ये टॅग कशाला? डोक्यात आहे की.

त्यांनी चकती शर्टाच्या खिशात टाकली, मग लगेच बाहेर काढली. खिशाला तेल लागलं. मग ती टेबलावर ठेवली, मग पान्यांच्या खणात. मग खण उघडून पुन्हा हातात घेतली. दारात कुणी नव्हतं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याचं गाणं चालू होतं. खरंतर काहीच अवघड नव्हतं. नवा थर्मोस्टॅट बसवायचा, तेल भरायचं, संध्याकाळी किल्ली द्यायची. थर्मोस्टॅटच गेला होता, साहेब, तुमचं निदान बरोबर. साहेब रविवारी लोणावळ्यात ती गोष्ट छाती फुगवून पन्नास जणांना सांगतील. चकती भंगारात जाईल. हे सगळं इतकं सोपं होतं, की हिंदुरावांना बसवेना.

कदाचित थर्मोस्टॅटही गेला असेल. हा विचार आला तसे ते चकती विजारीच्या खिशात टाकून उठलेच. दुसऱ्या बाजूचे नट त्यांनी तासाभरात सोडवले, जुना थर्मोस्टॅट बाहेर काढला, रॉकेलने धुतला आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. तोही बिघडलेला निघाला, तर चूक निम्मी झाली असती. एखादा पार्ट मेलेला निघावा असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात?" सुमनताई म्हणाल्या.

"दुसरं दे मग. खोल पायजे."

"दुसरं देते. आन् चहाचा गॅस बंद करू नका, उतू जाईल तेवढं बघा." सुमनताईंनी भाताचं जुनं पातेलं पुढे सरकवलं आणि त्या बाजूला उभ्या राहून बघू लागल्या.

हिंदुरावांनी थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडला, शेजारी तापमापक धरला. साठ. सत्तर. दार बंद. पंच्याहत्तर. बंदच. त्यांचा जीव जरा भांड्यात पडू लागला. ऐंशी. ब्याऐंशीला एक बारीकशी फट पडली, आणि पंच्याऐंशीला दार सावकाश, व्यवस्थित उघडलं. त्यांनी गॅस बंद केला. पाणी निवलं तसं दार आपोआप मिटलं. पुन्हा तापवलं. पुन्हा उघडलं. पस्तीस वर्षांचा पार्ट, आठ वर्षं बंद भिंतीवर दार उघडत राहिला होता.

"चालतंय की!" सुमनताई म्हणाल्या. "मग तोंड का पाडलंय?"

हिंदुरावांनी थर्मोस्टॅट दोऱ्याने वर काढून फडक्यात गुंडाळला.

"आवो, हे चांगलं हाय, तर मग बिघाड कशात हुता?"

त्यांनी खिशातून चकती काढून ओट्यावर ठेवली. सुमनताईंना पितळ आणि लोखंड यातला फरक कळायचा, जोडातलं काही कळायचं नाही. पण नवऱ्याचा चेहरा कळायचा.

"कुणाची ही?"

"माझी."

चहा उतू गेला. सुमनताईंनी गॅस बंद केला, ओटा पुसला, चकतीला फडकं लागू न देता तिच्या कडेकडेने पुसला.

"भैरू कुठं असतो आता?" हिंदुरावांनी विचारलं.

"कुरुळीला खोली घेतलीय, पत्र्याच्या कंपनीसमोरच. या आठवड्यात दुसरी पाळी हाय, तीन वाजताची."

"तुला कसं ठाऊक?"

"साक्षी फोनवर सांगते की. संक्रांतीला येती न्हवं वाण घ्यायला." साक्षी भैरूची बायको.

"आठ वर्षं येती? आन् मला बोलली न्हाईस?"

"भांडण तुमचं. आमचं कुठं हुतं?" सुमनताईंनी चहा गाळला. "ही चकती घ्या. आन् शर्ट बदलून जावा."

शर्ट न बदलताच ते निघाले. वाटेत फोन दोनदा वाजला, त्यांनी उचलला नाही. भोसरीच्या पुढे नेहमीसारखी ट्रकांची रांग लागली होती. मोशीच्या पुलावर स्कूटर दहा मिनिटं जागची हलली नाही. नदीवरून वारा येत होता, तोही गरम. आजूबाजूचे हॉर्न वाजवत होते, हिंदुरावही वाजवत होते, आणि समोरचा कंटेनर मोकळा होऊ नये असंही त्यांना वाटत होतं. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. चुकलं म्हणायचं तर ते फार लहान वाटत होतं. पाया पडायचं तर भैरू मागे सरकला असता. एकदा तर त्यांनी चिंबळी फाट्याला स्कूटर परत वळवण्यासाठी हातसुद्धा दाखवला. मागच्या रिक्षावाल्याने शिवी दिली तसा खाली घेतला.

पावणेतीनच्या सुमाराला ते कंपनीच्या गेटपाशी पोहोचले. दुसऱ्या पाळीची माणसं बसमधून उतरत होती. पलीकडच्या टपरीवर भैरू चहा पीत उभा होता. कानापाशी केस पांढरे झाले होते, गळ्यात कंत्राटदाराचं कार्ड होतं. त्याने हिंदुरावांना पाहिलं, आणि सवयीने ग्लास डाव्या हातात घेऊन उजवा मोकळा केला. पण नमस्कार केला नाही.

"वस्ताद. इकडं कुठं?"

"तुझ्याकडंच आलो."

"काकी बऱ्या हायेत न्हवं?"

"बरी हाय."

हिंदुरावांनी चकती पुढे केली. भैरूने ती घेतली, उलटी केली आणि अंगठा कडेवरून एकदा फिरवला.

"तुमचीच हाय."

"साहेबाच्या गाडीतनं निघाली. मागच्या जोडातनं. आज." एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. "तुझा काय दोष नव्हता, भैरू. कूलर तू बरोबर बसवला हुतास. ही काढायची मी इसरलो, आन् तुझ्यावर ढकललं."

भैरूने चकती परत दिली. ना राग, ना आश्चर्य. टपरीवाल्याने हिंदुरावांपुढे चहा ठेवला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला वाटलंच हुतं," भैरू म्हणाला.

"काय वाटलं हुतं?"

"कूलर बसवायच्या आधी मी पुढनं पायपात हवा मारली हुती. हवा पार होत न्हवती. म्हणलं मागं काहीतरी हाय."

"मग उघडायचंस की मागं!"

"कसं उघडणार? मागचा जोड तुमच्या हातचा." भैरूने त्यांच्याकडे पाहिलं. "वस्तादाच्या हातचा जोड इचारल्याशिवाय उघडायचा न्हाई. तुमीच शिकवलं हुतं, पहिल्या दिवशी."

शिकवलं होतं. त्यात काही वावगं आहे असं हिंदुरावांना आजवर वाटलं नव्हतं. त्यांच्या वस्तादाने त्यांना तसंच शिकवलं होतं, तेही एक चपराक देऊन.

"मग इचारायचंस," ते म्हणाले.

"इचारलं की."

"कधी?"

"तवाच. साहेब आले हुते, तुमी दोघं खुर्च्या टाकून चहा घेत हुता. मी म्हणलं, वस्ताद, मागचा जोड एकदा बघू का. तुमी म्हणला, तू आता मला शिकीव." भैरू थोडं हसला. "साहेब पण हसले. मग मी पुढचे नट आवळले."

हिंदुरावांनी आठवून पाहिलं. खुर्च्या आठवल्या, साहेबांचा पांढरा शर्ट आठवला, कूलरचं खोकंही आठवलं. भैरू येऊन उभा राहिलेला मात्र आठवेना. कितीही ताण दिला तरी तिथे कुणी उभंच नव्हतं.

"मग त्या दिवशी का बोलला न्हाईस? साहेब ओरडत हुते तवा?"

"काय बोलणार? हवा पार होत न्हाई हे ठाऊक असून मी गाडी जाऊ दिली. माझं पण हुतंच की त्यात." त्याने ग्लासातला शेवटचा घोट घेतला. "आन् तुमी बोलाल असं वाटलं हुतं."

फोन वाजला. श्रीपादसाहेब. ट्रकांच्या आवाजात काही ऐकू येणार नाही म्हणून हिंदुरावांनी, नेहमीप्रमाणे, स्पीकर लावला.

"अहो, कुठे आहात? फोन उचलत नाही! बसला का नवा थर्मोस्टॅट?"

भैरू टपरीच्या बाकाकडे बघत होता. आत्ताही सोपं होतं. संध्याकाळी सांगतो म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"साहेब, थर्मोस्टॅट चांगला निघाला. गरम पाण्यात घालून बघितला."

"मग?"

"मागच्या जोडात चकती राहिली होती. मीच घातलेली, आठ वर्षांपूर्वी. काढायची विसरलो. तेव्हा इंजिन बसलं ते माझ्यामुळं."

मग साहेब हसले. कुत्सित नाही, अगदी मोकळं हसले.

"हिंदुराव, तुम्हीसुद्धा कमाल आहात. आठ वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलात? चुका सगळ्यांच्याच होतात. आता तापणार नाही ना?"

"नाही तापणार."

"मग झालं तर! आणलाय तर नवाच बसवून टाका. सहाला येतो मी."

"साहेब, पण नाव भैरूवर आलं होतं."

"कुणावर?"

"भैरूवर."

"कोण भैरू?"

हिंदुरावांचा अंगठा स्पीकर बंद करायला धडपडला, पण काचेवर तेलाचा हात उमटला होता, बटण सापडेना. भैरूने सगळं ऐकलं होतं. त्याने ग्लास बाकावर ठेवला, टपरीवाल्याला मानेने खूण केली, गळ्यातलं कार्ड सरळ केलं आणि तो रस्ता ओलांडून गेटकडे निघाला. त्याच्या चालीत काही फरक नव्हता. हिंदुरावांना भयंकर लाज वाटली, आणि ती साहेबांची नव्हती. थोड्या वेळापूर्वी त्यांनी स्वतःच त्या माणसाला 'कधी?' असं विचारलं होतं.

"हॅलो? हिंदुराव? आवाज येत नाहीये. ठेवतो मी."

"साहेब, फोन ठेवू नका."

साहेबांना ते असं पहिल्यांदाच बोलत होते. आवाज जरा चढलाच होता. टपरीवरची दोन माणसं वळून बघू लागली. हिंदुराव फोन तोंडापुढे धरून भैरूच्या मागे रस्त्यात उतरले. एक टेम्पो कचकन ब्रेक मारून थांबला.

"भैरू म्हणजे भैरू वाघोले. तळेगावच्या अलीकडचा. अकरा वर्षं माझ्याकडं होता. तुमच्या गाडीचा कूलर त्यानं बसवला, आणि बसवायच्या आधी हवा मारून बघितली. हवा पार होत नव्हती. त्यानं मला येऊन विचारलं, मागचा जोड बघू का. तुम्ही आणि मी चहा घेत होतो. आपण हसलो त्याला."

"असं झालं होतं? मला काही आठवत नाही हो."

"मलाही आठवत नाही, साहेब," हिंदुराव म्हणाले. "पण त्यानं विचारलं होतं."

तीनचा भोंगा झाला. गेटवर रांगेतली माणसं एकेक करून कार्ड लावून आत जात होती. भैरू यंत्रापुढे कार्ड हातात धरून थांबला होता. मागचे त्याला काय रे, काय झालं, म्हणाले, आणि वळसा घालून पुढे जाऊ लागले.